अंतिम टेबलावरच्या तिरपागड्या बेट्स: कधी कराव्यात आणि कधी हात आवरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या बोटीवरच्या पोकरच्या एका स्पर्धेत एक खेळाडू पहिल्यांदाच अंतिम टेबलावर पोचला. तिघं उरले होते. पहिल्याला 50 लाख, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20. हिशोबाला सोपे जावेत म्हणून आकडे मी गोल केलेत. टेबलावर एकूण 100 चिप्स धरल्या तर चिप लीडरकडे, म्हणजे सर्वात मोठा ढीग असलेल्याकडे, 55, याच्याकडे 40 आणि तिसऱ्याकडे जेमतेम 5. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, 1 (स्मॉल) आणि 2 (बिग). तिसऱ्याने बटणावरून (डीलरच्या जागेवरून) फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून दिली, आणि स्मॉल ब्लाइंडवरच्या चिप लीडरने सगळा ढीग पुढे सारला. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या चिप्समध्ये, 3 आणि बेट 40 ची, म्हणजे पॉटच्या तेरापट. बिग ब्लाइंडवर आपल्या या खेळाडूकडे एक्का-गुलाम, ऑफसूट, म्हणजे वेगवेगळ्या चिन्हांचे. त्याने फोल्ड केलं आणि नंतर मित्रांनी ‘घाबरलास’ म्हणून पिदवलं. तो विचारतोय की फोल्ड चुकला का. शिवाय वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर आणि ट्रायटन या मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात दिसतात तशा चाली, म्हणजे पॉटच्या सहाव्या हिश्शाची बेट, पॉटच्या दुप्पट-तिप्पट ओव्हरबेट, एकच चिप मागे ठेवून केलेली रेज (बेट वाढवणं), त्यानेही शिकून वापराव्यात का?

आधी फोल्डचं बघू. फोल्ड बरोबर होता. चिप लीडरने ‘मी पानं न बघता ढकलतोय’ असं जाहीर करून ढकललं असतं, तरीही बरोबरच होता.

नुसत्या चिप्स मोजल्या तर कॉलसाठी, म्हणजे समोरच्या बेटइतकी रक्कम घालायला, आणखी 38 घालायच्या होत्या आणि जिंकल्यास हाताशी 80 येणार होत्या. म्हणजे 47.5 टक्के वेळा जिंकलं तरी बरोबरी. एक्का-गुलाम ऑफसूट कुठल्याही दोन पानांविरुद्ध साधारण 63.6 टक्के वेळा जिंकतो. चिप्सच्या हिशोबाने हा डोळे मिटून कॉल आहे. पण स्पर्धेत चिप्स कॅशियरकडे वटत नाहीत, वटतो तो क्रमांक. म्हणून आयसीएम, म्हणजे चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायची पद्धत, लावायचं. प्रत्येकाची पहिला येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या हिश्शाइतकी धरायची, तो बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकाची शक्यता तशीच काढायची, आणि त्या शक्यतांना बक्षिसांनी गुणायचं. तसं केलं की फोल्ड केल्यावर उरणाऱ्या 38 चिप्सची किंमत निघते 36.6 लाख. कॉल करून हरला तर 20 लाख घेऊन घरी. कॉल करून जिंकला तर 80 चिप्स, किंमत 45.8 लाख. म्हणजे 9.2 लाख मिळवायला 16.6 लाख पणाला. बरोबरीसाठी 64.4 टक्के लागतात. एक्का-गुलामाकडे 63.6 आहेत. थोडक्यात हुकतो, पण हुकतो, आणि तेही समोरचा अगदी कशावरही ढकलतोय असं धरून. त्यातून पुढच्याच हाताला बिग ब्लाइंड त्या 5 चिप्सवाल्यावर येणार होता. आयसीएमला बटण कुठे आहे ते कळत नाही, त्यामुळे फोल्डची खरी किंमत 36.6 पेक्षा थोडी जास्तच धरायला हवी. या जागी सत्तीची जोडी आणि त्यावरच्या जोड्या, एक्का-राजा, एवढ्यावर मी कॉल करेन. एक्का-राणी अगदी काठावर आहे.

मित्रांनी ज्याच्याकडे खरं बघायला हवं होतं तो चिप लीडर. त्याची चाल त्या रात्रीची सर्वात चांगली बेट होती. कॉल झाला असता आणि तो हरला असता, तरी त्याच्याकडे 15 चिप्स उरल्या असत्या आणि 5 वाला अजून त्याच्या खालीच असता. त्या 15 चिप्सची किंमत साडेतीस लाख. आधी त्याच्या 55 ची किंमत साडेचाळीस होती. म्हणजे वाईटात वाईट होऊन त्याचं नुकसान 10 लाखांचं, समोरच्याचं मात्र साडेसोळा. पॉटच्या तेरापट बेट वेडगळ दिसते ती पॉटशी तुलना केली म्हणून. दोघांच्या खिशातून काय जाणार याच्याशी ताडून बघितली की ती सरळ दिसते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे एकच पुन्हा पुन्हा सांगतो. तिरपागडी बेट तिरपागडी आहे म्हणून चालत नाही. समोरच्याला चिप्सपेक्षा पैशात बरंच जास्त गमवायचं असतं आणि आपल्याला त्या मानाने कमी, तेव्हाच ती चालते. हा फरक कुठे मोठा आहे ते ओळखणं हेच कौशल्य. बेटचा आकार त्यानंतर ठरतो.

हे आत्ता इतकं ठासून सांगायला एक कारण आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पुण्या-मुंबईतल्या पोरांचं सरावाचं मैदान एका झटक्यात गेलं. आधी छोट्या स्पर्धांची ढीगभर अंतिम टेबलं खेळून हात बसायचा. आता अनेकांचं शिक्षण म्हणजे यूट्यूबवरचं प्रक्षेपण. त्यात बेट दिसते, पानं दिसतात, पण त्या क्षणी बक्षिसांची शिडी आणि बाकीच्यांचे ढीग काय होते ते नजरेतून निसटतं. मग नक्कल होते ती नुसत्या आकाराची.

शिडी किती वाकडी असते ते बघा. 2024 च्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमध्ये, प्रवेश 10,000 डॉलर, नवव्याला 10 लाख डॉलर मिळाले, आठव्याला साडेबारा लाख, चौथ्याला 30 लाख, तिसऱ्याला 40, दुसऱ्याला 60 आणि पहिल्याला 1 कोटी. खालच्या पायऱ्या जवळजवळ, वरच्या लांब. नऊ जण असताना एक पायरी चढली तर अडीच लाख डॉलर, आणि तीसुद्धा प्रवेश फीच्या पंचवीसपट. काहीही न करता बसून राहिलो आणि दुसरा कुणी बाद झाला तरी ती पायरी आपली. त्यामुळे अंतिम टेबलावर प्रत्येक कॉलची किंमत वाढते, पण सगळ्यांची सारखी नाही.

50, 30, 20 चिप्स आणि बक्षिसंही 50, 30, 20 लाख असं सोपं टेबल घ्या, ब्लाइंड सोडून द्या. 30 वाल्याला 50 वाल्याची ऑल-इन (सगळ्या चिप्सची बेट) कॉल करायला 60.7 टक्के लागतात. 20 वाल्याला 57.4. 50 वाल्याला 30 वाल्याविरुद्ध 53.9 आणि 20 वाल्याविरुद्ध फक्त 52.1. सर्वात जास्त आवळला जातो तो मधला. सर्वात छोट्याकडे गमवायला फारसं नसतं, मोठ्याला हरूनही जागा असते. म्हणून दबावाच्या बेट्स मधल्या ढिगावर रोखायच्या असतात. बरेच जण उलट करतात. छोट्याला बाद करायच्या नादात त्याच्यावर ब्लफ मारतात, आणि तो कॉल करतो, कारण त्याला परवडतं.

आता दोन गाजलेले हात. दोन्ही वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटचे, दोन्ही ‘धाडसी ब्लफ’ म्हणून एकाच माळेत ओवले जातात, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला 2003 चा. 839 खेळाडू, शेवटी उरले ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फार्हा. मनीमेकर 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेचा प्रवेश जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) आलेला अकाउंटंट, फार्हा मुरलेला रोख टेबलाचा खेळाडू. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती, फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, दोघांनी चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी सोडली. टर्नला, चौथ्या पानाला, इस्पिकची अठ्ठी. फार्हाने 3 लाखांची बेट लावली, मनीमेकरने 8 लाख केले, फार्हाने कॉल केला. मनीमेकरकडे तेव्हा फ्लशचा (एकाच चिन्हाची पाच पानं) ड्रॉ होता, म्हणजे एकच पान कमी होतं, आणि दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटचा (ओळीने पाच पानं) ड्रॉसुद्धा. रिव्हरला, पाचव्या आणि शेवटच्या पानाला, बदामाची तिर्री, काहीच लागलं नाही. फार्हाने चेक केलं, मनीमेकर ऑल-इन गेला. फार्हा बराच वेळ बसला आणि त्याने वरची जोडी फोल्ड केली.

हा ब्लफ सुंदर आहे, पण तो आयसीएमचा धडा नाही. दोघंच उरले की दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस दोघांच्याही खिशात पडलेलं असतं आणि खेळ असतो तो फक्त फरकाचा, इथे 25 लाख आणि 13 लाख डॉलरमधल्या. अशा वेळी चिप आणि पैसा सरळ प्रमाणात असतात, शिडीचा दबाव शून्य. फार्हाने फोल्ड केलं ते शिडीमुळे नाही. असा धोका न घेता या नवख्याला पुढे सावकाश सोलता येईल हा भरवसा त्याच्या डोक्यात असावा, असं मला वाटतं. म्हणजे मनीमेकरचं बळ समोरच्याच्या आत्मविश्वासातून आलं. 2005 च्या मॉन्टे कार्लो मिलियन्समधला फिल आयव्ही आणि पॉल जॅक्सन यांचा हातही दोघंच उरल्यावरचा. फ्लॉप गुलाम-गुलाम-सत्ती, एकाकडे राणी-अठ्ठी, दुसऱ्याकडे छक्की-पंजी, दोघांकडे काही नाही, आणि दोघं एकमेकांवर रेज करत सुटले, शेवटी आयव्हीने सगळं पुढे सारलं. बघायला अफलातून. पण पाच जण उरले असताना मधल्या ढिगाने हे करायला गेलं तर ते स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

दुसरा हात 2010 चा, लास वेगासच्या रिओ कॅसिनोमधला. 7,319 खेळाडूंतून तिघं उरलेले: जोनाथन डुहामेल, जोसेफ चिओंग आणि जॉन रेसनर. बक्षिसं साधारण 89.4 लाख, 55.5 लाख आणि 41.3 लाख डॉलर. एकूण चिप्स जवळपास 22 कोटी. ढोबळमानाने चिओंगकडे 9.5 कोटी, डुहामेलकडे 8.8 आणि रेसनरकडे 3.6. चिओंगने 29 लाखांची रेज केली, डुहामेलने 67.5 लाख केले, चिओंगने 1 कोटी 42.5 लाख, डुहामेलने 2 कोटी 27.5 लाख, आणि चिओंगने सगळं पुढे ढकललं. डुहामेलने राणीच्या जोडीवर कॉल केला. चिओंगकडे एक्का-सत्ती ऑफसूट. 17 कोटींच्या वरचा पॉट, तोवरचा वर्ल्ड सिरीजमधला सर्वात मोठा. राण्या टिकल्या, चिओंगकडे चिल्लर उरली आणि तो तिसरा गेला. पुढे डुहामेल जिंकला.

या हाताला तेव्हापासून आत्मघात म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही, म्हणून आकडे मांडतो. शेवटच्या निर्णयाच्या क्षणी चिओंगने फोल्ड केलं असतं तर त्याच्या उरलेल्या चिप्सची किंमत सुमारे 65 लाख डॉलर. ढकललं आणि डुहामेलने फोल्ड केलं असतं तर 72 लाख. ढकललं आणि राण्यांसारख्या हाताने कॉल केला तर, एक्का-सत्ती साधारण 29 टक्के जिंकते हे धरून, सरासरी 56 लाख. म्हणजे सात लाख मिळवायला नऊ लाखांच्या आसपास पणाला. डुहामेलने निम्म्याहून थोड्या जास्त वेळा, पंचावन्न टक्क्यांच्या आसपास, फोल्ड करायला हवं होतं. एक्का हातात असल्यामुळे समोर एक्क्याची जोडी किंवा एक्का-राजा असण्याची शक्यताही घटते, आणि दोघांत त्याआधी रेज-रेरेजची खडाजंगी झालेली होती. कल्पना हवेतली नव्हती.

मग फसलं कुठे? डुहामेलकडून बघा. त्याला कॉल करायला चिप्सच्या हिशोबाने 37 टक्के लागत होते, पैशाच्या हिशोबाने 48. फरक अकरा टक्क्यांचा. दबाव खरा होता, पण राण्यांना फोल्ड करायला लावण्याइतका नव्हता, कारण डुहामेलला चिओंगच्या रेंजमध्ये, म्हणजे त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांत, ब्लफ दिसत होते. याआधीच्या सगळ्या रेजांनी तेच त्याला शिकवलं होतं. आणि चिओंगची स्वतःची बाजू? तो हरला तर रेसनरच्या खाली जाणार होता. सुरुवातीच्या आपल्या टेबलावरच्या लीडरला हरल्यावरही खाली आधार होता, चिओंगला तो नव्हता. दोघांचे ढीग जवळजवळ सारखे आणि तिसरा दोघांच्याही खूप खाली, या परिस्थितीत मोठा पॉट दोघांनाही सारखाच महाग पडतो आणि फायदा होतो तो बाजूला शांत बसलेल्या तिसऱ्याचा. हा हात झाला तेव्हा रेसनरने एक चिपही न घालता लाखो डॉलरची किंमत कमावली.

म्हणून माझी पहिली पारख अशी: हरल्यावर माझ्या खाली कुणी उरतं का? उरत असेल तर हात मोकळा. उरत नसेल तर तेवढीच मोठी, तेवढीच विचित्र बेट माझ्या अंगावर येते.

आता त्याने विचारलेल्या चाली, आणि त्यांच्या जोडीच्या आणखी काही. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

छोट्या बेटवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण ती सर्वात जास्त वेळा उपयोगी पडते आणि तिच्यावर सर्वात कमी बोललं जातं. पॉट 6 ब्लाइंडचा (म्हणजे बिग ब्लाइंडच्या सहापट), फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तुम्ही चिप लीडर, समोर मधला ढीग. एका ब्लाइंडची बेट लावा. सातात एकदा फोल्ड मिळाला तरी खर्च निघतो. बघणाऱ्याला वाटतं, इतकी बारीक बेट कशाला? पण समोरचा त्या एका ब्लाइंडकडे बघत नसतो. तुम्ही टर्नला आणि रिव्हरला काय कराल हे त्याला दिसत असतं, आणि त्याचा सगळा ढीग तुमच्यापेक्षा छोटा असतो. येऊ घातलेल्या दोन बेट्सचा धाक या छोट्या बेटला लगडून येतो. सॉल्व्हरमध्ये, म्हणजे योग्य चाल काढणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये, शिडीचा दबाव वाढवत नेला की बहुतेक जागी बेट्सचे आकार बारीक होत जातात ते याचमुळे: पॉट फुगवायची गरज उरत नाही, भीती आधीच पुरेशी असते. चुकीची नक्कल इथे होते ती अशी की लोक अशी बेट लावतात आणि समोरच्याने रेज केली की गांगरतात. मधल्या ढिगाने तुमच्या एका ब्लाइंडवर रेज केली म्हणजे त्याने स्वतःची स्पर्धा पणाला लावली. अशा वेळी बहुतेकदा त्याच्याकडे पान असतं. फोल्ड करा, एक ब्लाइंड गेला.

एक चिप मागे ठेवून केलेली रेज बघायला गमतीची वाटते, पण तिच्यामागे एक साधा नियम आहे. एकाच हातात दोघं बाद झाले तर हाताच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरचा क्रमांक घेतो. समजा चौघं उरले, तुमच्याकडे 5 ब्लाइंड, डावीकडच्या एकाकडे 6. तुम्ही सगळं ढकललं, त्यानेही ढकललं, मागून मोठ्या ढिगाने कॉल केला आणि दोघांनाही हरवलं, तर तुम्ही चौथे. त्याऐवजी तुम्ही सर्वात छोटी एक चिप मागे ठेवून रेज केली असती, तर त्या दोघांची चाल बघून ती चिप वाचवता आली असती. 6 वाल्याने ढकललं आणि मोठ्या ढिगाने कॉल केला की फोल्ड करून बघत बसायचं. 6 वाला गेला तर तुम्ही त्या एका चिपवर तिसरे. 2024 च्या शिडीवर चौथ्या आणि तिसऱ्यात 10 लाख डॉलरचा फरक होता, त्या एका चिपची किंमत अशी ठरते. आणि नुकसान जवळपास काही नाही. समोरच्याला तुमची बेट ऑल-इनसारखीच दिसते, पान लागलं तर शेवटची चिप फ्लॉपवर घालायची. मात्र तुमच्याइतका किंवा त्याहून थोडा मोठा, असा दुसरा छोटा ढीग टेबलावर नसेल तर ही चाल करून काही मिळत नाही.

कॉल करून फ्लॉपवर ढकलण्याची जुनी युक्ती, म्हणजे स्टॉप-अँड-गो, भारतातल्या वेगवान स्पर्धांत फार उपयोगाची आहे. अँटी (ब्लाइंडखेरीज दर हाताला भरायच्या चिप्स) भरून बिग ब्लाइंडवर तुमच्याकडे 6 ब्लाइंड, चिप लीडरने 2 ची रेज केली. तुम्ही लगेच ढकललं तर त्याला 4 घालून साडेनऊचा पॉट जिंकायचा असतो, 30 टक्केही पुरतात, तो कशावरही कॉल करतो. त्याऐवजी फक्त कॉल करा आणि फ्लॉप काहीही येवो, उरलेले 4 ढकला. भाव तोच, 30 टक्क्यांचा. पण आता त्याने तीन पानं पाहिलेली असतात, आणि जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर तीनात दोनदा काही लागत नाही. जो कॉल आधी आपोआप होत होता तो आता हातात घुटमळतो. यासाठी तुम्हाला आधी बोलायची पाळी हवी, म्हणजे तुम्ही ब्लाइंडवर आणि तो तुमच्या मागे.

रेज करणाऱ्याच्या तोंडावर आधी बेट लावणं, डॉन्क बेट, चार-पाच-सहा अशा खालच्या जुळलेल्या फ्लॉपवर बिग ब्लाइंडला शोभते. तिथे दोन जोड्या आणि स्ट्रेट त्याच्याकडे जास्त असतात. बाकी फ्लॉपवर तिचा मोह टाळा. स्मॉल ब्लाइंडवरून लिम्प करणं, म्हणजे रेज न करता नुसता बिग ब्लाइंडइतकी भर घालणं, तर आता तिरपागडं राहिलेलंच नाही. बिग ब्लाइंड अँटी आल्यापासून पॉटमध्ये फुकटची चिप इतकी असते की तिथे मोठी रेंज लिम्प करणं हाच पाया झाला आहे.

रिव्हरवरची ओव्हरबेट मी सर्वात शेवटी शिकवतो. पॉटच्या दुप्पट बेट लावली की ब्लफ निम्म्याहून जास्त, दोन तृतीयांश वेळा चालावा लागतो. समोरच्याला कॉल करायला चिप्समध्ये 40 टक्के लागतात, शिडी असेल तर आणखी. ती लावायची ती समोरच्याकडे सर्वोत्तम पानं असूच शकत नाहीत हे त्याच्या आधीच्या चेक-कॉलवरून सिद्ध झालं असेल तेव्हा. आणि तुमच्याकडे तशाच रीतीने खेळलेली खरी पानं ब्लफपेक्षा जास्त असायला हवीत, दहातले सहा तरी. ज्याला ही मोजणी जमत नाही त्याने ओव्हरबेट फक्त पान असताना लावावी. गोव्यातल्या टेबलांवर लोक कॉल करायला आलेले असतात, त्यांच्यावर ती भरभरून फळते.

यातूनच मुद्दा येतो समोर कोण बसलंय याचा. शिडीचा दबाव ज्याला शिडी दिसते त्यालाच जाणवतो. जो खेळाडू मजेसाठी आलाय, ज्याच्या दृष्टीने तिसऱ्या आणि दुसऱ्या क्रमांकातले दहा लाख ही किरकोळ बाब आहे, तो तुमच्या तेरापट बेटला एक्का-पंजीवर कॉल करेल आणि हसत बाहेर जाईल किंवा तुम्हाला बाहेर काढेल. दहा लाख डॉलर प्रवेशाच्या स्पर्धांत उद्योगपती आणि व्यावसायिक खेळाडू एकाच टेबलावर असतात, तिथे व्यावसायिक एकमेकांवर आयसीएमचा दबाव टाकतात आणि उद्योगपतींविरुद्ध मुकाट चांगली पानं खेळतात. 2016 च्या मेन इव्हेंटच्या शेवटच्या लढतीत क्वी न्गुएनने गॉर्डन व्हेओला रूढ चौकटीत न बसणाऱ्या आक्रमक खेळाने 180 हून जास्त हात सतत हलवत ठेवलं आणि 80 लाख डॉलर नेले. ते चाललं कारण व्हेओ शिस्तीचा, विचारपूर्वक फोल्ड करणारा खेळाडू होता. टेबलावर बसल्यावर पहिल्या तासात मी एवढंच टिपतो: कोण घड्याळाकडे आणि बक्षिसांच्या पडद्याकडे बघतंय. जो बघतोय, माझी विचित्र बेट त्याच्यासाठी.

तडजोड झाली की हे सगळं बदलतं, हेही लक्षात असू द्या. 2019 मध्ये लंडनला ट्रायटन मिलियनमध्ये, प्रवेश साडेदहा लाख पौंड, शेवटच्या दोघांनी वाटणी ठरवली. तेव्हा चिप्स ब्रिन केनीकडे जास्त होत्या, म्हणून 1 कोटी 68 लाख पौंडांहून जास्त रक्कम त्याच्या वाट्याला आली. करंडक आरोन झँगने जिंकला आणि त्याला 1 कोटी 37 लाखांच्या वर मिळाले. वाटणीची बोलणी होणार असतील तर त्याआधीच्या अर्ध्या तासात जमवलेली प्रत्येक चिप थेट पैशात मोजली जाते. लीडर असाल तर मधल्या ढिगांवरचा दबाव तेव्हाच वाढवा, बोलणी सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो.

तयारीबद्दल. अंतिम टेबलाच्या आदल्या रात्री बक्षिसांची यादी आणि सगळ्यांचे ढीग कागदावर उतरवा, आयसीएम कॅल्क्युलेटर मोफत मिळतात, त्यात भरा. प्रत्येकासमोर एकच आकडा लिहा: माझी ऑल-इन कॉल करायला याला किती टक्के लागतील. मग उलटा: त्याची कॉल करायला मला किती. ज्या नावापुढे पहिला आकडा मोठा आणि दुसरा छोटा, तिथे बेट्स टाकायच्या. उलटं असेल तिथे पानं येईपर्यंत थांबायचं. कुणी बाद झालं की आकडे पुन्हा काढावे लागतात, म्हणून विश्रांतीच्या वेळी तो कागद जवळ ठेवा. टेबलावर बसल्या बसल्या फोन किंवा कुठलंही साधन चालत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण विचित्र आकाराच्या बेट्स इथेच बिघडतात. समोर बेट असताना एकच मोठी चिप न बोलता पुढे टाकली तर तो कॉल धरला जातो, तुमच्या मनात कितीही मोठी रेज असली तरी. चिप्स दोन वेळा हात पुढे नेऊन टाकल्या तर दुसरी खेप परत मिळते. कमीत कमी रेजच्या निम्म्याहून जास्त पण पूर्ण नसलेली रक्कम टाकली तर डीलर ती पूर्ण करायला लावतो. म्हणून सवयीबाहेरचा आकार असेल तेव्हा आधी तोंडाने पूर्ण आकडा सांगा, आणि मगच चिप्सना हात लावा. एक चिप मागे ठेवायची असेल तर ‘ऑल-इन’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये, रक्कमच सांगायची.